पोटगी, स्वाभिमान आणि ‘अन्य एक’

मराठीत ‘पोट’ या शब्दाचा परिवार मोठा आहे. पोटचे मूल असते, पोटासाठी परगाव गाठावे लागते, पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला जातो आणि आपल्या माणसाचे अपराध पोटात घातले जातात. याच परिवारातला ‘पोटगी’ हा शब्द मात्र अंग चोरून उभा असतो. जुन्या दाव्यांत त्याच्या जागी ‘अन्नवस्त्र’ असा स्वच्छ शब्द आढळे. आजच्या कायद्याच्या मराठीत ‘निर्वाह’ येतो. हे दोन्ही शब्द चारचौघांत उच्चारता येतात. ‘पोटगी’ म्हणताना आवाज खाली येतो आणि ‘तिने पोटगी वाढवून मागितली’ म्हणताना तर तो कुजबुजीत जातो. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की विषय पैशाचा आणि कायद्याचा आहेच, पण त्यातली निम्मी अडचण शब्दांची आहे. आणि शब्दांच्या गाठी सोडवणे हे तर आपले रोजचे काम.

प्रश्न मांडायला सोपा आहे. परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मूल आईकडे राहिले. मुलाच्या खर्चासाठी बापाने दरमहा काही रक्कम द्यावी असे ठरले आणि तो ती देतो आहे. वर्षे उलटली, मूल वाढले, भाव वाढले, रक्कम तेवढीच राहिली. आता आईने वाढ मागावी की मागू नये? प्रस्तुत लेखात आम्हाला असे म्हणायचे आहे की या प्रश्नाची वाक्यरचनाच सदोष आहे. तिच्यातला कर्ता चुकलेला आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेतो. पुणे-सातारा महामार्ग चेलाडी फाट्यावर सोडून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघाले की वाटेत मार्गासनी लागते. राजगडावर जाणाऱ्यांना हे गाव ठाऊक असते, कारण साखर-गुंजवण्याचा रस्ता येथूनच फुटतो. गुंजवणीच्या खोऱ्यातला हा मुलूख भातशेतीचा आणि मुसळधार पावसाचा. पुणे पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे रोज जाऊन यायला दूर आणि पुण्याची महागाई पोचायला जवळ. येथे राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेचा घटस्फोट २०१६ मध्ये झाला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. बापाने त्याच्यासाठी दरमहा ४,००० रुपये द्यावेत असे संमतीच्या अटींत लिहिले गेले. बापाने एकही महिना चुकवलेला नाही, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. तो पुण्यात नोकरी करतो, महिन्यातून एकदा मुलाला भेटायला येतो. त्याने पुन्हा लग्न केले असून त्या संसारात त्याला एक लहान मुलगी आहे. शिक्षिका विनाअनुदानित शाळेत शिकवतात. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. मध्यंतरी शाळेच्या सहलीची सूचना त्याने घरी दाखवलीच नाही. मुदत उलटल्यावर ती आईला त्याच्या दप्तरात सापडली. विचारल्यावर ‘मला जायचंच नव्हतं’ एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे आणि त्यांनी तो आमच्यापुढे ठेवला.

न मागण्याची त्यांची कारणे चार आहेत. पहिले, स्वाभिमान: ज्या घरातून आपण बाहेर पडलो त्या दारी पुन्हा हात पसरायचा नाही. दुसरे, भीती: पैशाचा विषय निघाला तर भेटींवर सावट येईल आणि मुलाचा बाप हरवेल. तिसरे, त्या दुसऱ्या घरातील मुलगी: तिच्या ताटातले काढून आपल्या मुलाला कसे वाढायचे? चौथे, लोक: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे अडाण्यांपेक्षा सुशिक्षितांच्याच तोंडी अधिक असते. चारही कारणे खरी आहेत, आणि त्यांतले एकही क्षुद्र नाही. तरीही ती एकाच गृहीतावर उभी आहेत. न मागितले तर जे आहे ते तसेच राहील, हे ते गृहीत.

ते तसे राहत नाही. दरसाल पाच टक्के महागाई धरली तर २०१६ मधील ४,००० रुपयांचे मोल नुसते टिकवायलाच २०२५ मध्ये ६,२०० रुपये लागतात. उलट बाजूने पाहिले तर २०२५ मध्ये हाती पडणाऱ्या ४,००० रुपयांत २०१६ चे जेमतेम २,६०० रुपयेच शिल्लक होते. म्हणजे बापाने एकही महिना चुकवला नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तो दर वर्षी थोडे थोडे कमी देत आला. हे त्याने ठरवून केलेले नाही. कदाचित त्याच्या लक्षातही आलेले नाही. आकडा स्थिर राहिला की माणसाला आपण शब्द पाळल्याचे समाधान मिळते आणि आकड्याच्या आतले धान्य हळूहळू गळत राहते. यात मुलाचे वाढणे अद्याप धरलेलेच नाही. पाच वर्षांच्या मुलाची भूक आणि चौदा वर्षांच्या मुलाची भूक यांचा हिशेब कोणत्याही निर्देशांकात नसतो. थोडक्यात, ‘आहे ते चालू द्यावे’ असा पर्याय या आईपुढे नाही. न मागणे म्हणजे दर वर्षी आपण होऊन घट मान्य करणे.

खुद्द कायद्यालाही हे उमगायला फार वेळ लागला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीची कमाल मर्यादा १९५५ मध्ये दरमहा ५०० रुपये करण्यात आली. १९७३ ची नवी संहिता आली, तिच्या १२५ व्या कलमातही तोच आकडा राहिला. महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती करून १९९९ मध्ये तो १,५०० वर नेला आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. जवळजवळ अर्धे शतक कायदा एकाच आकड्याला धरून बसला होता. इंदूरच्या शाहबानो यांना १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली रक्कम दरमहा २५ रुपये होती. त्यांनी उच्च न्यायालयात वाढ मागितली, तेव्हा १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे झाली. हीच रक्कम सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १९८५ मध्ये कायम केली. त्या निकालावरून देशभर उठलेले वादळ धर्माचे आणि राजकारणाचे होते. एका वृद्ध स्त्रीने वाढ मागितली होती आणि मिळालेली वाढ दीडशे रुपयांच्या आसपास होती, हे किती जणांच्या स्मरणात आहे?

आता मुलाकडे वळू. पोटगीच्या कायद्यातला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात लागला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशात पत्नीसाठी दरमहा १५,००० रुपये होते. मुलासाठी सप्टेंबर २०१३ पासून दोन वर्षे दरमहा ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये होते. मुलाच्या रकमेत अशी पायरी असावी, हेच मुळी विचार करण्यासारखे आहे: मूल मोठे होते हे त्या आदेशाने गृहीत धरले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरली. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, शिक्षण आणि माफक प्रमाणात शिकवण्याही धरायच्या. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करायचा. आई पुरेशी कमावती असेल तर तो दोघांत प्रमाणशीर वाटायचा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष आम्ही या निकालाच्या शीर्षकाकडे वेधू इच्छितो. तेथे एका बाजूला बापाचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला आईचे. आणि आईच्या नावापुढे ‘आणि अन्य एक’ अशी नोंद आहे. हा अन्य एक म्हणजे मुलगा. ही न्यायालयीन लेखनाची रूढी आहे, तिच्यात कोणाचा अवमान नाही. पण आपल्या घराघरांतील चर्चेचे इतके अचूक वर्णन दुसरे सापडणार नाही. ‘ती मागते’, ‘तो देत नाही’, ‘तिला कशाला हवेत’, ‘त्याने काय कमी दिले’ या सगळ्या वाक्यांत दोनच सर्वनामे असतात. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो अन्य एक असतो. मघाशी आम्ही कर्ता चुकला म्हटले ते या अर्थाने. वाढ मुलाची आहे. आई केवळ त्याच्या वतीने बोलते, कारण अज्ञान मुलाला स्वतः बोलता येत नाही. म्हणूनच घटस्फोटाच्या वेळी ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले असले, तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. जे आपले नाही ते सोडून देण्याचे औदार्य कोणालाच दाखवता येत नाही.

‘मागणे’ या क्रियापदाचेही असेच. आपण त्याचा अर्थ भिकेच्या बाजूने लावतो. वास्तविक मराठी कवितेतील सर्वांत थोर मागणे म्हणजे पसायदान, आणि ते मागणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही. दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला आपल्या परंपरेने कधी लाचार म्हटलेले नाही. मग आपल्या मुलासाठी त्याच्याच बापाकडे मागणारी आई लाचार कशी ठरते? १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, तेव्हा ज्यांना गावात ‘टाकलेली’ म्हणत त्या स्त्रिया प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने एकत्र येऊन जाहीरपणे बोलल्या. त्यांच्या चळवळीने निवारा, रेशनकार्ड, पोटगी अशा रोजच्या वस्तू मागितल्या आणि त्या हक्क म्हणून मागितल्या. आज सुशिक्षित स्त्रीला जो संकोच वाटतो, तो शेतमजुरी करणाऱ्या त्या स्त्रियांनी केव्हाच ओलांडला होता.

हा संकोच घडवण्यात आपल्या साहित्याच्या अध्यापनाचाही हात आहे, असे आमचे मत आहे. स्वतः उपाशी राहून मुलाला वाढणारी आई आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. तिच्यावरील उत्तरात ‘त्यागमूर्ती’ हा शब्द आला की विद्यार्थ्याला गुण मिळतात. तिने कोणापुढे हिशेबाची वही ठेवली, असा प्रसंग मात्र आपण कधी प्रश्नपत्रिकेत विचारत नाही. त्यागाच्या या कथेत मुलासाठीही एक जागा राखून ठेवलेली असते. ते मूल घरची परिस्थिती ओळखते, हट्ट करत नाही, आणि आपण त्याला ‘समजूतदार’ म्हणतो. सहलीची सूचना दप्तरात दडवणारा मुलगा असाच समजूतदार आहे. आई मागत नाही हे पाहून तो न मागायला शिकला. त्याग करणाऱ्याला वाटते की झीज आपल्यापाशी थांबली. प्रत्यक्षात ती पुढच्या पिढीकडे सरकलेली असते.

आता चारही कारणांकडे पुन्हा पाहू. स्वाभिमान हा आईचा आहे; तिने तो स्वतःपुरता हवा तेवढा जपावा, स्वतःसाठी एक पैसाही घेऊ नये. मुलाचा वाटा त्यापायी खर्ची घालण्याचा अधिकार तिला नाही. दुसऱ्या घरातील मुलीचे कारण अधिक अवघड आहे आणि ते तिच्या मनात आले याचा आम्हाला आदर वाटतो. त्या मुलीलाही पोट आहे, आणि बापाची तीही जबाबदारी न्यायालय लक्षात घेते. पण एक गोष्ट पाहावी. बापाच्या घरात राहणाऱ्या मुलाला वाढ मागावी लागत नाही. दूध महागले तर महाग दूध येते, चपला आखूड झाल्या की नव्या येतात. घर आपोआप वाढ देत असते. घराबाहेर राहणाऱ्या मुलाची वाढ तेवढी अर्जावर अवलंबून असते. मुलगी २०२५ च्या भावाने वाढत असताना मुलाने २०१६ च्या भावाने वाढावे, असा न्याय तिच्या बापालाही मनोमन पटणार नाही. तेव्हा वाढ मागणे म्हणजे त्या मुलीच्या ताटातले काढणे नव्हे. दोन्ही मुलांना एकाच सालात आणणे, एवढाच त्याचा अर्थ.

भेटींविषयीची भीती आम्ही हलकी मानत नाही. पैसे ही भेटीची किंमत नाही आणि भेट ही पैशाची पावती नाही, हे कायद्यात स्पष्ट असले तरी माणसांच्या मनात नसते. म्हणून मागावे की नाही याइतकाच कसे मागावे हा प्रश्न मोलाचा ठरतो. ज्या बापाने नऊ वर्षांत एक महिना चुकवला नाही, त्याला आधी विचारले जाण्याचा हक्क आहे. त्याच्या दारी पहिल्यांदा समन्सच जाऊ नये. न्यायालयाच्या पायरीआधी पत्राची पायरी असते. त्या पत्रात जुन्या संसाराचे एकही वाक्य नसावे. वर्षभराचा हिशेब असावा: शाळा, प्रवास, शिकवणी, किराण्यातला वाटा, कपडे, औषधे. शिक्षिकेच्या वहीत हा खर्च महिन्याला ११,१०० रुपये येतो. बापाचे उत्पन्न तिच्या दुप्पट धरले तर प्रमाणशीर वाटणीत त्याचा वाटा ७,४०० होतो. नुसते मोल टिकवायचे तर ६,२०० होतात. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठे तरी रास्त मागणी आहे. रागातून निघालेला आकडा याहून फार वेगळा असता, आणि संकोचातून निघालेलाही. आणखी एक ओळ पत्रात असावी, दर वर्षी ठरावीक टक्के वाढीची; म्हणजे हा अवघड प्रसंग पुन्हा पुन्हा यायचा नाही. घटस्फोटाच्या अटी आज लिहिणाऱ्यांनी तर ही ओळ पहिल्याच दिवशी लिहावी.

पत्राने जमले नाही तर मार्ग मोकळा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमानुसार मुलांविषयीचे आदेश घटस्फोटानंतरही बदलता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम पोटगीचे आहे आणि १४६ वे परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलण्याचे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मात्र हा मार्ग दुहेरी आहे. प्रतिज्ञापत्र आईलाही द्यावे लागते, आणि परिस्थिती बदलली म्हणून बापही कपात मागू शकतो.

न मागण्याचीही खरी कारणे असतात, ती अमान्य करण्याचे कारण नाही. बापाची नोकरी गेली असेल, तो आजारी असेल, तर वाट पाहणेच माणुसकीचे. मागितल्याने मारहाणीचा किंवा छळाचा धोका असेल, तर आईने एकटीने पत्र लिहू नये. ते काम वकिलावर सोपवावे. आणि मागणीच्या आड जुना हिशेब चुकता करायचा असेल, तर तो वेगळ्या वहीत मांडावा. आम्हाला एक साधी कसोटी सुचते: हे पत्र मुलाने अठराव्या वर्षी वाचले तर त्याला आईची लाज वाटेल का, आणि बापाची? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर पत्र पाठवावे.

अठरावे वर्ष आम्ही उगाच काढले नाही. १४४ व्या कलमाखाली सुदृढ मुलाचा हक्क साधारणपणे तेथे थांबतो. चौदा वर्षांच्या मुलापुढे त्यातले ४८ महिने उरतात. टिकवायचे मोल आणि मिळणारी रक्कम यांतली दरमहा २,२०० रुपयांची तफावतच धरली तरी ते १,०५,६०० रुपये होतात. दहावी, अकरावी आणि बारावी याच महिन्यांत आहेत. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळत असल्यामुळे न मागता गेलेली वर्षे सहसा मागे जाऊन मागता येत नाहीत. शिक्षिकेने अद्याप निर्णय घेतलेला नाही, तो त्यांचाच आहे. आमचे मत त्यांनी विचारले म्हणून सांगतो: पत्र लिहावे, आणि या शैक्षणिक वर्षातच लिहावे. ज्याच्या वतीने ते लिहायचे, तो स्वतःहून काही मागणार नाही.